तुर्कस्तान-ग्रीसमध्ये शाकाहारी माणसानं काय खावं?

प्रश्न : आम्ही दोघं इस्तंबूल, इझमीर आणि तिथून बोटीनं ग्रीसला जाणार आहोत. शाकाहारी आहोत, अंडंही चालत नाही. 'तिकडे कबाबशिवाय काही मिळत नाही, पाकिटं भरून न्या,' असं सगळे बजावतात. खरंच न्यावीत का?
– एक वाचक

उत्तर : मुळीच नेऊ नका. कबाबच्या धुराकडे पाठ फिरवा आणि दुपारी बाराच्या सुमारास कुठल्याही 'एस्नाफ लोकांता'त शिरा. दुकानदार, कारागीर रोज जेवतात ती ही साधी खानावळ. काचेमागे मोठाले ट्रे मांडलेले असतात, बोट दाखवायचं आणि घ्यायचं. उशीर केलात तर चांगले पदार्थ संपलेले असतात.

तिथे 'झेयतिन्याली' हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून थंड केलेल्या भाज्या. फरसबी, आर्टिचोक आणि कांदा-टोमॅटो भरलेलं मऊसूत वांगं, 'इमाम बायल्द'. ते गरम करून मागू नका. गार झाल्यावरच तेल आणि टोमॅटोचा रस वांग्यात मुरतो, आणि पाव बुडवून खायचा तो तोच रस.

सावध राहायचं ते पांढऱ्याशुभ्र पिलाफपासून आणि मसुराच्या सूपपासून. दोन्ही दिसायला निर्मळ, पण बरेचदा कोंबडीच्या किंवा मटणाच्या पाण्यात शिजवलेली असतात. 'एत सुयू वार म?' (मटणाचं पाणी आहे का?) एवढं विचारा. रस्त्यावर मिळणारी 'चि कोफ्ते' मात्र नावात कोफ्ता असूनही आता दलिया आणि मिरचीचीच असते. लेट्यूसच्या पानात गुंडाळून, वर लिंबू पिळून खा.

ग्रीसमध्ये झेयतिन्यालीची जागा 'लादेरा' घेतात. भाताचं सारण भरलेले टोमॅटो म्हणजे 'येमिस्ता', पण त्यात खिमा नाही ना हे विचारून घ्या. सांतोरिनी बेटावरची घोटलेली पिवळी डाळ, 'फावा', तर चुकवूच नका. 'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं, त्यात मांस, दूध, अंडं नसतं. पण ऑक्टोपस आणि कोळंबी ग्रीकांना उपासाला चालते, हे विसरू नका! फेटा चीजही परंपरेनं कोकराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध फाडणाऱ्या रसानं जमवतात. चालतं का ते तुम्हीच ठरवा.

आणि एक पदार्थ दोन्हीकडे नक्की मागवा. मी इझमीरमध्ये द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात खाल्ला होता, आत चिलगोजे, बेदाणे, पुदिना. नाव 'यालांज', म्हणजे खोटारडी, कारण आत मांस नाही. दुसऱ्या दिवशी चेश्मेहून बोटीनं तासाभरात खिओस या ग्रीक बेटावर पोचले. तिथल्या आजींनी बशी ठेवली आणि म्हणाल्या, 'यालांत्झी'. पान तेच, शब्दही तोच. तुर्कस्तान आणि ग्रीसमधल्या १९२३ च्या करारानं या किनाऱ्यावरच्या लाखो लोकांची अदलाबदल झाली, आणि आयांनी आपल्या कढयांबरोबर हे शब्दही पलीकडे नेले. त्या आजी पानाची खरखरीत बाजू आत ठेवून करंगळीएवढी गुंडाळी करत होत्या. मी विचारलं, त्यांनी माझ्याही हातात एक पान ठेवलं.