वाचकांचे प्रश्न : पशुखाद्याचा मका कधी घ्यावा, कसा घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे अंडी देणाऱ्या पाच हजार कोंबड्या असून खाद्य घरीच दळतो. पूर्वी दिवाळीच्या सुमारास मका हमखास उतरायचा आणि तेव्हाच वर्षाची बेगमी करता यायची. अलीकडे मात्र दराचा अंदाजच लागत नाही. मका कधी भरावा? (एक वाचक, सिन्नर)

उत्तर : मक्याला आता कोंबडी आणि जनावरांखेरीज इथेनॉल कारखान्यांचे मोठे गिऱ्हाईक मिळाले आहे, म्हणून जुना ठोकताळा चुकतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि पाठोपाठ मक्याच्या इथेनॉलचा खरेदीदर लिटरला ७१ रुपये ८६ पैशांपर्यंत नेला. एक टन मक्यातून साधारण ३७० ते ३८० लिटर इथेनॉल निघत असल्याने कोंबडीपालकापेक्षा चढा भाव देणे कारखान्यांना परवडू लागले. २०२५ च्या खरिपात नेमके उलटे घडले. पीक भरघोस आले, इथेनॉलसाठी अन्न महामंडळाचा तांदूळ स्वस्तात उपलब्ध असल्याने कारखान्यांची मक्याची गरज घटली, आणि क्विंटलला २,४०० रुपये हमीभाव असलेला मका कित्येक बाजारांत दोन हजारांच्याही खाली गेला. (खाद्य स्वस्त झाले म्हणून आपण समाधान मानत असताना मका पिकवणाऱ्याच्या हाती काय राहिले, हा प्रश्न या सदराच्या कक्षेबाहेरचा असला तरी विसरण्यासारखा नाही.) तेव्हा पाऊस आणि पेरा यांच्याबरोबरच नोव्हेंबरपासून सुरू होणाऱ्या इथेनॉल वर्षात तेल कंपन्या मक्यापासूनचे किती आणि तांदळापासूनचे किती इथेनॉल घेणार आहेत, याकडेही लक्ष ठेवावे.

आता साठ्याविषयी. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते; त्यात निम्म्याहून थोडा अधिक मका धरला, तर आपल्याला रोज तीन क्विंटल, महिन्याला नऊ टन आणि वर्षाला शंभर टनांहून अधिक मका लागेल. एवढा माल एकदम भरल्यास भांडवल अडकते आणि पावसाळ्यात सोंडे व बुरशी त्यावर ताव मारतात. माझ्या मते खरिपाची आवक जोरात असताना चार-पाच महिन्यांपुरता मका घ्यावा आणि पुढची खरेदी एप्रिल-मेसाठी राखून ठेवावी, कारण त्या वेळी बिहारचा रब्बी मका बाजारात येतो आणि पूर्णियाजवळच्या गुलाबबागच्या आवकेचा परिणाम आपल्याकडील दरांवरही होतो.

दरापेक्षा ओलाव्याकडे अधिक काटेकोरपणे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १४ टक्क्यांपर्यंत चालतो. दिवाळीच्या तोंडावर येणारा माल मात्र पुष्कळदा २० टक्के ओला असतो. अशा एका क्विंटलमध्ये कोरडा अंश ८० किलो, तर १४ टक्क्यांच्या मालात तो ८६ किलो असतो. म्हणजे दोन हजारांना घेतलेला ओला मका प्रत्यक्षात २,१५० रुपयांना पडतो. शिवाय वाळवणीची मजुरी आणि अफलाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची जोखीम वेगळी. ओलावामापक यंत्र स्वतःचे असावे. व्यापाऱ्याच्या यंत्रावर भिस्त ठेवू नये.

प्रश्न : सोया पेंडेऐवजी इथेनॉल कारखान्यातील मक्याचा डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) गायींना घातला तर चालेल का? तो बराच स्वस्त मिळतो. (एक दूध उत्पादक, राहुरी)

उत्तर : चालेल, पण मर्यादेत. तुलना किलोच्या दरावर न करता प्रथिनांवर करावी. समजा, ४५ टक्के प्रथिनांची सोया पेंड ३६ रुपयांना आणि २८ टक्क्यांचा डीडीजीएस १६ रुपयांना मिळतो, तर एक किलो प्रथिन पेंडेतून ८० रुपयांना आणि डीडीजीएसमधून सुमारे ५७ रुपयांना पडते. हिशेब मोहात पाडणारा आहे खरा. मात्र इथेनॉल काढताना मक्यातील पिष्ट निघून जाते आणि शंभर किलोंमागे जेमतेम तीस किलो चोथा उरतो, त्यामुळे मूळ दाण्यातील बुरशीचे विष त्यात जवळपास तिपटीने एकवटते. तेच पुढे अफलाटॉक्सिन एम-१ च्या रूपाने दुधात उतरते आणि दुधातील त्याची कायदेशीर कमाल मर्यादा किलोला अवघी अर्धा मायक्रोग्रॅम आहे. म्हणून तपासणी अहवालाशिवाय माल उतरवून घेऊ नये, आंबोणात सुरुवात दहा टक्क्यांच्या आतच करावी आणि पुढची वाढ पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी. करपलेल्या, गडद तपकिरी रंगाचा माल स्वस्त असला तरी टाळावा; जादा उष्णतेने त्यातील लायसिन हा प्रथिनांचा आवश्यक घटक निकामी झालेला असतो.

प्रश्न : परदेशी मका आणून दर उतरवता येणार नाहीत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सध्या तरी फारशी आशा धरू नये. मक्यावर ५० टक्के मूळ आयात शुल्क आहे. २०२४ मध्ये सुमारे पाच लाख टनांच्या कोट्याला १५ टक्के शुल्कात परवानगी मिळाली होती. पण चार कोटी टनांच्या आसपास असलेल्या देशी उत्पादनापुढे ते प्रमाण अल्पच आहे. शिवाय जनुकीय बदल केलेला मका आणण्यास परवानगी नसल्याने अमेरिका व ब्राझीलचा बहुतांश माल आपोआप बाद होतो. सोया पेंडेबाबत ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टनांपुरता अपवाद केला गेला, पण तोही पेंडेचे दर गगनाला भिडल्यानंतर.