पानं तोडल्यानंतरचं काम शिकू द्या

तुमची मुलगी वनस्पतिशास्त्रात पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे वनस्पतींत औषधी प्रथिनं बनवण्याचं शिकायचं म्हणते. हे जडीबुटीचंच काम ना, आणि यात नोकरी मिळेल का, असं तुम्ही विचारलंय.

जडीबुटीशी याचा संबंध नाही. हव्या त्या प्रथिनाचा जनुक वनस्पतीत घालतात आणि तिच्या पेशी ते प्रथिन तयार करतात. तंबाखूच्या कुळातली निकोटियाना बेन्थामियाना यासाठी सर्वांची लाडकी. जनुक वाहून नेणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू पानांत शिरवला की साधारण आठवड्याभरात पानं तोडता येतात. २०१४ च्या इबोला साथीत काही रुग्णांना दिलेलं झीमॅप हे प्रतिपिंडांचं (रोगजंतूला अडवणाऱ्या प्रथिनांचं) औषध असंच तयार झालं होतं. गॉशे या आनुवंशिक आजारावरचं गाजराच्या पेशींत बनणारं एन्झाइम अमेरिकेत २०१२ साली मंजूर झालं. त्या पेशी मात्र शेतात नाही, बंद पिशव्यांत वाढवतात.

आता नोकरीचं. निव्वळ याच क्षेत्रातल्या कंपन्या मोजक्या, आणि त्यांचाही भरवसा नाही. कॅनडात मेडिकागो कंपनीची वनस्पतीत बनलेली कोविड लस फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर झाली आणि वर्षभरात मालक कंपनीने मेडिकागोलाच टाळं लावायचं ठरवलं. म्हणून फक्त रोपांवर भिस्त ठेवू नका.

पानांच्या लगद्यात हवं ते प्रथिन थोडं आणि नको ते ढीगभर असतं. ते वेगळं करून इंजेक्शनच्या दर्जाचं शुद्ध करणं, हेच खर्चाचं आणि कौशल्याचं काम. शिवाय वनस्पती प्रथिनाला जोडते त्या साखरेच्या साखळ्या माणसाच्या साखळ्यांपेक्षा वेगळ्या असतात; त्या तपासाव्या लागतात. हिरव्यागार काचघराचे फोटो सगळे काढतात, प्रथिनं वेगळी करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या नळ्यांचे कोणी नाही! पण प्रथिन-शुद्धीकरण, गुणवत्ता तपासणी आणि जीएमपीच्या (औषध बनवण्याच्या दर्जा-नियमांच्या) नोंदी ठेवता येणारा माणूस जिवाणूंत इन्सुलिन बनवणाऱ्या किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशींत प्रतिपिंडं बनवणाऱ्या कारखान्यातही चालतो.

तेव्हा तिला जैवतंत्रज्ञान किंवा बायोप्रोसेसमध्ये (जिवंत पेशींकडून उत्पादन घेण्याच्या तंत्रात) एम.एस्सी. करू द्या. प्रवेशाआधी तिथल्या प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः प्रथिन शुद्ध करतात की नुसतं पाहतात, हे तिने तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारावं. उत्पादन आणि गुणवत्ता विभागात शिरायला एम.एस्सी. सहसा पुरते. नव्या जनुकरचनांवर संशोधन करायचं असेल तर पीएच.डी. लागेल, पण तो निर्णय एम.एस्सी.चा प्रकल्प झाल्यावर घेतला तरी उशीर होत नाही.