ग्रास कटरची दोरी सारखी तुटते, नवीन कशी भरायची?

तुम्ही विचारलंय की पेट्रोलवरच्या ग्रास कटरची नायलॉन दोरी दहा-पंधरा मिनिटांत तुटते, हेड, म्हणजे दोरी गुंडाळलेला खालचा गोल डबा, उघडलं की आत नुसता गुंता, आणि दुकानदार म्हणतो नवीन हेड घ्या. हेड एवढ्यात घेऊ नका. जालन्याकडं आमची मोसंबीची बाग आहे, पहिल्या पावसाळ्यात मीही दोरीपायी रोज वैतागायचो. मशीन ठीक होतं. दोरी वाळलेली होती आणि भरणारा मी अडाणी होतो.

आधी दोरीचं बघा. नायलॉन ओलावा धरून असतं तोवर लवचिक राहतं. आपल्याकडं एप्रिल-मे महिनाभर बंडल पत्र्याच्या शेडात खिळ्याला लटकलेलं असतं, आणि पाऊस पडून गाजर गवत कमरेला लागलं की तीच कडकडीत दोरी आपण भरतो. दगडाला लागली की काडीसारखी मोडते. भरायच्या आदल्या दिवशी बंडल बादलीत बुडवून ठेवा, चोवीस तास. खोटं वाटेल, पण फरक पहिल्याच धुऱ्यावर कळतो.

आता भरणं. इंजिन बंद करून थंड होऊ द्या, प्लगची टोपी काढून ठेवा. हेडच्या बाजूच्या दोन खिट्ट्या दाबल्या की झाकण, रीळ, स्प्रिंग बाहेर येतं. स्प्रिंग गवतात उडते, म्हणून खाली पोतं अंथरा. आतली माती, चिकटलेला पाला पुसून घ्या. हेडवर जाडी लिहिलेली असते, बहुतेक 2.4 मिमी, त्यापेक्षा जाड घातली तर इंजिनावर ताण येतो आणि दोरी सुटतही नाही.

साधारण पाच मीटर तोडा, मधोमध दुमडा, दुमड रिळाच्या मधल्या खाचेत अडकवा. दोन्ही पदर आपापल्या कप्प्यात, रिळावरच्या बाणाच्या दिशेनं गुंडाळा. खरी मेख इथंच आहे. वेढा ताणून, शेजारी शेजारी बसला पाहिजे. एकावर एक तिरपा गेला की चालताना घासून तापतो, वितळून चिकटतो, मग हेड कितीही आपटा, दोरी बाहेर येत नाही. रीळ काठोकाठ भरू नका, काठाला थोडी जागा राहू द्या. शेवटचे वीतभर टोक काठावरच्या खाचांत अडकवा, स्प्रिंग ठेवा, टोकं भोकांतून ओवा, झाकण लावा आणि दोन्ही टोकं झटक्यात ओढा म्हणजे खाचेतून सुटतील.

तुमचं हेड न उघडता बाहेरून भरायचं असेल तर एवढा खटाटोप नाही: बाण जुळवा, दोरी आरपार ओवा, टोकं सारखी करा, हेडच्या खालची मूठ फिरवत राहा. हेडच काढायची वेळ आली तर लक्षात ठेवा, बऱ्याच मशीनला उलटे आटे असतात. आमच्या गड्यानं नेहमीच्या दिशेनं जोर लावून लावून ते आणखी आवळलं होतं.

दोरी संपली म्हणून बाइंडिंग तार घालणारे मी पाहिलेत. तसं अजिबात करू नका, तुकडा तुटला तर गोळीसारखा पायात नाहीतर डोळ्यात जातो.

आणि बागेत चालवणार असाल तर ठिबकच्या नळ्या आधी उचलून झाडाला टांगा. खोडाला दोरी लागली की साल सोलून निघते, तिथं हात-दीड हात खुरपंच बरं.