इंग्लंडमधील काउंटी अभिलेखागारात पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या नोंदी कशा शोधाव्यात? मराठा पलटणीतील पणजोबांची माहिती तेथे मिळू शकेल काय?

आपण नोकरीनिमित्त इंग्लंडात राहता, पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते एवढेच घरी ऐकले आहे, आणि जवळच्या काउंटी (म्हणजे इंग्लंडातील जिल्ह्याच्या) अभिलेखागारात जाऊन काही हाती लागेल काय असे आपण विचारले आहे. सरळ उत्तर असे की पणजोबांचे नाव तेथे मिळणार नाही. तरीही तेथे अवश्य जावे, कारण पणजोबांचे युद्ध तेथे मिळेल. मी स्वतः या वाटेने गेलो आहे आणि त्यातून आमच्या घरात जो वाद उभा राहिला तो अद्याप मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. काउंटी अभिलेखागारात सैनिकाचे सेवापुस्तक नसते. ब्रिटिश सैनिकाचेही नसते. ते कागद लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि तेथेही पहिल्या महायुद्धातील साध्या शिपायांच्या सुमारे 60 टक्के फायली सप्टेंबर 1940 मधील जर्मन बॉम्बहल्ल्यात जळाल्या. काउंटीकडे असते ते वेगळेच धन: जुन्या मिलिशियाचे, म्हणजे स्थानिक राखीव शिबंदीचे, हजेरीपट, 1908 नंतरच्या टेरिटोरियल फोर्सच्या (अर्धवेळ स्वयंसेवक सैन्याच्या) काउंटी संघटनेची इतिवृत्ते, 1918 ची अनुपस्थित मतदारांची यादी (तिच्यात घरच्या पत्त्यासह सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि पलटण असते, म्हणून एखाद्या रस्त्यावरून कोण कोण लढायला गेले ते कळते), शाळांच्या रोजनिश्या, स्मारक समित्यांचे हिशेब, स्थानिक साप्ताहिकांचे अंक आणि घराघरांतून आलेली पत्रे. सक्तीच्या भरतीविरुद्ध 1916 पासून ज्यांनी सूट मागितली त्यांचे अर्ज युद्धानंतर सरकारी आदेशाने बहुतेक ठिकाणी नष्ट करण्यात आले, परंतु काही काउंट्यांत ते चुकून उरले आहेत. आपल्या काउंटीत ते उरले असतील तर आधी तेच वाचा. शूरवीरांच्या यादीपेक्षा त्या अर्जांतून गाव अधिक कळते.

आता मराठा शिपायांविषयी. भारतीय सैन्यातील साध्या शिपायांच्या वैयक्तिक नोंदी पलटणींकडे राहत असत, आणि ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या (लंडनमधून भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याच्या) दप्तरांत त्या शोधणे म्हणजे वेळ दवडणे आहे. पंजाबचे भाग्य थोर म्हणून सुमारे 3,20,000 सैनिकांच्या गावनिहाय नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि अलीकडे लोकांसमोर आल्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर यांच्यासाठी असे काही हाती नाही. आपल्याकडे आहे ती गावोगावची संगमरवरी पाटी: या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, पैकी इतके कामी आले. आकडे आहेत, नावे नाहीत. आजच्या इराकमधील बसऱ्याच्या स्मारकाचेही तेच. तेथे 40,000 हून अधिक मृतांचे स्मरण आहे, ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि भारतीय शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली केवळ संख्या दिलेली आहे.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. आमचे एक चुलते गेली कित्येक वर्षे गावजत्रेला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात की आमचे पणजोबा कुतच्या वेढ्यात (इराकमधील कुत गावी तुर्कांनी इंग्रज फौजेला घातलेल्या) होते, त्यांनी उपासमार सोसली पण घोड्याच्या मांसाला हात लावला नाही, तुर्कांच्या कैदेतून ते परत आले आणि बसऱ्याला त्यांचे नाव कोरलेले आहे. जिवंत परत आलेल्या माणसाचे नाव मृतांच्या स्मारकावर कसे, हा प्रश्न मी कॉलेजात असताना विचारला होता. त्यावर मला मिळालेले उत्तर येथे लिहिण्याजोगे नाही.

पणजोबा 117 व्या मराठा पलटणीत होते, एवढे घरात निर्विवाद होते. ही पलटण सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनच्या 16 व्या ब्रिगेडमध्ये होती, आणि तिच्याच ब्रिगेडमध्ये डॉर्सेटशायर रेजिमेंटची दुसरी पलटण होती. येथे मला वाट सापडली. त्या काळी भारतीय सैन्याच्या प्रत्येक ब्रिगेडमध्ये साधारणपणे एक ब्रिटिश पलटण आणि तीन भारतीय पलटणी असत, त्या एकाच बोटीच्या ताफ्यातून जात, एकाच चिखलात खंदक खणत आणि एकाच दिवशी हल्ल्याला निघत. भारतीय शिपायाने लिहिलेले पत्र टिकले असेल तर ते अपवादानेच, कारण बहुतेकांना लिहिता येत नव्हते आणि फ्रान्समधील शिपायांच्या पत्रांतील जे उतारे आज वाचायला मिळतात ते तेथील टपालावर बसवलेल्या सेन्सॉरमुळे उरले आहेत. इंग्लंडच्या खेड्यातून गेलेला शेतमजूर मात्र शाळेत गेलेला होता, तो आईला पत्र लिहीत होता, आई ते पत्र साप्ताहिकाच्या संपादकाकडे नेत होती, आणि ते दोन्ही आज काउंटीच्या कपाटात आहेत. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवरील आपल्या पणजोबाचा साक्षीदार कोण असेल, तर हा मुलगा.

मी 1915 ची स्थानिक साप्ताहिके मायक्रोफिल्मवर वाचायला बसलो. वाचनकक्षात शेजारच्या यंत्रावर एक निवृत्त गृहस्थ आपल्या गावच्या स्मारकावरील नावांचा मागोवा घेत होते. मी काय शोधतो आहे हे ऐकून ते अतिशय सौजन्याने म्हणाले की भारतीय सैन्याचा इतिहास हा या काउंटीचा इतिहास नव्हे, त्यासाठी लंडनला जावे. मी त्यांना एवढेच विचारले की ऑगस्ट 1914 मध्ये तुमची दुसरी डॉर्सेट कोठे होती. ती पुण्यात होती. नॉरफोकची दुसरी पलटण बेळगावात होती आणि ऑक्सफर्डशायर व बकिंगहॅमशायर लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण अहमदनगरात होती. चार इंग्रज काउंट्यांची मुले आपल्या छावण्यांतून युद्धाला निघाली आणि त्यांच्यासोबत आपली माणसे निघाली. नोव्हेंबर 1914 च्या आरंभी बसऱ्याच्या दक्षिणेला फाव येथे उतरलेल्या पहिल्या तुकडीत डॉर्सेट आणि 117 वी मराठा या दोन्ही होत्या. हे स्थानिक नसेल तर स्थानिक म्हणजे काय ते मला कोणी तरी समजावून सांगावे. त्या गृहस्थांनी मग स्वतःहून मला खासगी कागदपत्रांच्या सूचीचा एक जुना, संगणकावर न चढलेला भाग दाखवला, हेही नमूद केले पाहिजे.

त्या सूचीतून जे पत्र हाती आले ते शैबाच्या लढाईनंतर लिहिलेले होते. बसऱ्याच्या नैऋत्येला शैबा हे छावणीचे ठिकाण. एप्रिल 1915 मध्ये बसरा आणि शैबा यांच्यामध्ये पुराचे पाणी पसरलेले होते, त्यामुळे काही कुमक बेल्लम नावाच्या स्थानिक होड्यांतून गेली आणि इंग्रज फौजेचे जनरल मेलिस स्वतः तसेच पोहोचले. 12 एप्रिलला सुलेमान अस्करी बे यांच्या तुर्की सैन्याने आणि त्यांच्यासोबतच्या अरब टोळ्यांनी हल्ला केला. 14 तारखेला इंग्रज फौज बर्जिसियाच्या झाडीकडे निघाली आणि भर उन्हात मृगजळामुळे शत्रूचे खंदक कोठे आहेत तेही धड दिसेना. दुपारभर रेटारेटी चालली, माघारीचा विचार सुरू झाला, आणि त्याच सुमारास डॉर्सेट व 117 वी मराठा संगिनी लावून पुढे घुसल्या. तुर्कांचे खंदक पडले. मागून येणाऱ्या खेचरगाड्यांची धूळ पाहून तुर्कांना ती नवी कुमक वाटली असेही सांगतात. सुलेमान अस्करी यांनी पराभवानंतर आत्महत्या केली.

पत्रातील मुलाने यातले फारसे काही लिहिलेले नाही. त्याला तहान लागली होती, बूट उन्हाने तापले होते, शेजारचे मराठे काय ओरडत होते ते त्याला कळले नाही पण ते ओरडू लागल्यावर आमच्यातलेही सगळे उठले, आणि रात्री जखमींना हादरे देत नेणाऱ्या गाड्यांत त्यांचे आणि आमचे लोक एकत्र होते, एवढेच तो लिहितो. पलटणीच्या अधिकृत वॉर डायरीत, म्हणजे युद्धकाळातील रोजच्या नोंदवहीत, अशी वाक्ये नसतात. वॉर डायऱ्या जरूर वाचाव्यात, त्या क्यू येथे आहेत, परंतु ज्याला वाटते की वॉर डायरी वाचली की युद्ध कळले, त्याने एकदा अशी पत्रे हाताळावीत.

आता चुलत्यांच्या कुताकडे येतो. पणजोबांचे डिस्चार्ज सर्टिफिकेट चुलत्यांच्या ट्रंकेत होते आणि ते कोणालाही दाखवत नसत. काकूंनी एका दिवाळीत त्याचा फोटो काढून मला पाठवला. त्यावर स्पष्ट लिहिलेले आहे की मेसोपोटेमियात एप्रिल 1915 मध्ये डाव्या हाताला गोळी लागली आणि सेवेस अपात्र ठरल्यामुळे फेब्रुवारी 1916 मध्ये पुणे येथे मुक्त करण्यात आले. कुतचा वेढा डिसेंबर 1915 मध्ये सुरू झाला आणि 29 एप्रिल 1916 रोजी तेथील इंग्रज फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेले. वेढ्यात अडकलेला माणूस फेब्रुवारीत पुण्यात सही करून घरी जाऊ शकत नाही. जखमेतून बरा होऊन उशिरा परतलेला शिपाईसुद्धा वेढ्याच्या काळात आत पोहोचू शकत नव्हता. म्हणूनच नॉरफोक आणि डॉर्सेटच्या बाहेर राहिलेल्या माणसांची मिळून एक जोडपलटण बनवली गेली आणि तिला लोक नॉरसेट म्हणू लागले.

चुलत्यांचे म्हणणे असे की सर्टिफिकेट लिहिणारा कारकून चुकला असेल. कारकून चुकतात, हे मलाही मान्य आहे, पण ते तारीख, शहर आणि जखम या तिन्हींत एकाच वेळी आणि एकाच दिशेने चुकत नाहीत. मला खरा राग आहे तो या समजुतीचा की कुतमध्ये नसणे म्हणजे काही तरी कमीपणा. आपल्याकडे मेसोपोटेमिया म्हटले की लोकांना कुत तेवढे ठाऊक असते, मग प्रत्येक घराला आपला पणजोबा कुतमध्ये बसवावासा वाटतो. घोड्याच्या मांसाची कथाही अशीच सोयीस्कर आहे. भारतीय शिपायांपैकी अनेकांनी ते धर्मापायी दीर्घकाळ नाकारले आणि त्यामुळे त्यांच्यात स्कर्व्हीने (अपुऱ्या आहाराने होणाऱ्या रोगाने) हाहाकार केला, हे खरे. पण शेवटच्या आठवड्यांत, भारतातील धर्माधिकाऱ्यांचे परवानगीचे संदेश आल्यावर आणि वरिष्ठांचा रेटा वाढल्यावर, पुष्कळांनी ते खाल्ले, हेही खरे. ज्यांनी खाल्ले ते जगले आणि लढण्याच्या अवस्थेत राहिले. त्यांच्या नातवंडांनी मान खाली घालावी असे त्यात काहीही नाही, आणि ज्यांचा पणजोबा तेथे नव्हताच त्यांनी ती कथा वापरून मान वर काढावी असेही काही नाही.

तेव्हा आपण आधी पलटणीचा क्रमांक निश्चित करा. 'मराठा पलटण' एवढे पुरेसे नाही, कारण 103, 105, 110, 114, 116, 117 अशा अनेक होत्या, 1922 मध्ये त्यांचे पुन्हा क्रमांक बदलले, आणि त्यांच्यात दख्खनी मुसलमानही होते, म्हणून केवळ आडनावावरून तर्क करू नका. 117 असेल तर डॉर्सेट, 110 असेल तर नॉरफोक आणि 103 असेल तर ऑक्सफर्डशायर, अशा त्या काउंट्यांच्या अभिलेखागारांच्या ऑनलाइन सूच्या पाहा. सूचीत 'इंडिया', 'पूना', 'बेळगाम', 'मेसोपोटेमिया', 'पर्शियन गल्फ' असे शब्द घालून शोधा. 'मराठा' घालून क्वचितच काही मिळेल आणि तेही 'माहरट्टा' या जुन्या इंग्रजी लेखनानेच. सूचीत जे नाही ते कपाटात असू शकते, म्हणून तेथील अभिलेखपालांना आधी ईमेल लिहा.

एक-दोन गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. अनेक रेजिमेंटांचे कागद काउंटी अभिलेखागारात नसून रेजिमेंटच्या संग्रहालयात असतात. डॉर्सेटच्या बाबतीत डॉर्चेस्टरमधील अभिलेखागार आणि त्याच शहरातील कीप लष्करी संग्रहालय अशा दोन्ही ठिकाणी चौकशी करावी लागते, तर सरेसारख्या काउंटीत रेजिमेंटांचे दप्तर वोकिंग येथील इतिहास केंद्रातच मिळते. पणजोबा मेसोपोटेमियात नसून पूर्व आफ्रिकेत किंवा पॅलेस्टाइनमध्ये असतील तर मी सांगितलेल्या जोड्या उपयोगाच्या नाहीत. मग त्यांची ब्रिगेड कोणती आणि तिच्यातील ब्रिटिश पलटण कोणती हे आधी शोधावे. भारतातील बाजू सोडू नये: बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, मुंबई व पुण्याची पुराभिलेखागारे, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल हे संकेतस्थळ.

आणि हे सर्व करण्यापूर्वी घरातील ट्रंक उघडा. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनबुक, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक, यांपैकी एक जरी मिळाले तर इंग्लंडातील महिनाभराची मेहनत वाचते. ट्रंक चुलत्यांकडे असेल तर काकूंशी बोला.