ती का रडत होती, विचारलंत का?

उन्हाळा जवळ आला की समुपदेशक म्हणून एक प्रश्न मला हमखास येतो. "नुसतं जेवायला घालून पाठवायचं का? मग आपल्यात आणि अन्नछत्रात फरक काय? साक्ष द्यायची कधी, आपल्या विश्वासाबद्दल सांगायचं कधी?" विचारणारी माणसं अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या गावांमधली असतात आणि त्यांच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, दर उन्हाळ्यात परदेशी विद्यार्थ्यांना जेवायला बोलावतात. याच प्रश्नाची दुसरी बाजूही येते, जरा दबक्या आवाजात. "आपण आमिष तर दाखवत नाही ना?"

हे विद्यार्थी जे-१ (सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या) व्हिसावर येतात. कार्यक्रमाचं नाव 'समर वर्क ट्रॅव्हल'. कॉलेजच्या सुट्टीत जास्तीत जास्त चार महिने काम करायचं, थोडं फिरायचं आणि परत जायचं. बल्गेरिया, रोमानिया, तुर्कस्तान, जमैका, थायलंड अशा देशांतली ही विशीच्या आसपासची पोरं. मेरीलँडचं ओशन सिटी घ्या. बारमाही वस्ती सात हजारांच्या आसपास. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तीन लाखांच्या वर माणूस. हॉटेलच्या खोल्या आवरायला, आइस्क्रीम द्यायला, पाळण्यांपाशी उभं राहायला माणसं लागतात, ती ही. रात्री अकराला काम सुटलं की सायकलवरून खोलीवर. एका खोलीत चार-सहा जणं.

ताई (नाव देत नाही, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत) मूळच्या मराठवाड्यातल्या. आता किनाऱ्यापासून पाऊण तासावर राहतात. गेले अकरा उन्हाळे दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये शंभरेक जणांचा चिकन-भात त्या रांधतात. कोणी सांगितलं म्हणून नाही. "मला त्या पोरांचं ओझं आहे," म्हणाल्या. आपल्या मंडळीत ओझं म्हणजे देवानं मनावर घातलेली काळजी.

त्या माझ्याकडे आल्या जुलैत. झोप उडाली होती. जूनमधल्या एका बुधवारी तुर्कस्तानची एक मुलगी ताट पुढ्यात घेऊन मुकाट रडत बसलेली त्यांना दिसली. ताई उठल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मोठ्यानं, येशूच्या नावानं, चांगली पाच मिनिटं प्रार्थना केली. डोळे उघडले तर मुलगी काठीसारखी ताठ. ताट तसंच. पुढच्या बुधवारी ती आली नाही, तिच्या खोलीतल्या पाचजणीही आल्या नाहीत. मग कोणाकडून तरी निरोप पोचला, की पोरी म्हणतात, इथलं जेवण फुकट नाही.

हे वाक्य दुसऱ्या कोणाला लागलं नसतं इतकं ताईंना लागलं. ७२च्या दुष्काळात त्या लहान होत्या. गावात सुकडी मिळायची ती सगळ्यांनाच, पण मिशनच्या आवारात राहणाऱ्यांना ऐकावं लागायचं ते वेगळं. पोटासाठी बाटले. त्यांचे आजोबा दुष्काळाच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेले, तेही घरच्यांचा मार खाऊन. पण टोमणा तारीख बघत नाही. "भाऊ, आयुष्यभर मी म्हणत आले की आम्ही भाकरीसाठी नाही आलो. आणि आता मीच भाकरी दाखवते की काय?"

आणि लगेच उलट टोक. "पण गप्प बसले तर प्रभूची लाज वाटल्यासारखं नाही का होत?"

इथे माझी पहिली चूक झाली, ती सांगून टाकतो. मी घाईघाईनं बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय काढला. त्यात येशू म्हणतो, मी परका होतो, तुम्ही मला घरात घेतलं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे वचन आमच्या हॉलच्या भिंतीवर आहे, भाऊ. मीच रंगवलंय." समुपदेशकानं आपल्या माणसाला त्याचीच भिंत वाचून दाखवू नये.

दुसऱ्या भेटीत मी फक्त एक प्रश्न विचारला. "ती मुलगी कशासाठी रडत होती?"

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माहीत नाही."

त्यांच्याकडे प्रार्थनेची वही आहे. अकरा वर्षांची, देशवार. मोल्दोव्हासाठी सोमवार, कझाकस्तानसाठी मंगळवार. त्या वहीत या मुलीचा देश होता आणि 'तारण व्हावे' एवढंच होतं. मी वहीला नावं ठेवत नाही. इतक्या नेमानं प्रार्थना करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. पण कोणाचं काय दुखतंय हे न विचारता मोठ्यानं केलेली प्रार्थना त्या माणसाच्या कानाला भाषणासारखी लागते, मग तिच्यात कितीही प्रेम असो. शिवाय ती पोरगी यजमानांच्या हॉलमध्ये, यजमानांचं ताट घेऊन बसलेली. डोक्यावर हात आल्यावर ती 'नको' कसं म्हणणार? 'नको' म्हणायला जागाच नसेल, तर 'हो'लाही काही अर्थ उरत नाही. आमिष म्हणतात ते इथे सुरू होतं, कोणाच्या मनात खोट नसतानाही.

ताईंना मी बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाकडे नेलं, या वेळी घाई न करता. रूथ म्हणजे तरी कोण? सातूच्या कापणीत, कापणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसं वेचणारी परदेशी बाई. शेताचा मालक बवाज येतो आणि रूथ दिसल्यावर आधी काय करतो? विचारतो, ही मुलगी कोणाची? मग तिला सांगतो, दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, गड्यांना ताकीद दिली आहे, तुला कोणी हात लावणार नाही, तहान लागली तर त्यांनी भरलेल्या भांड्यांतलं पाणी पी. तेव्हा रूथच विचारते, मी परकी असून तुम्ही माझी विचारपूस का करता? आणि तिच्या या प्रश्नानंतर बवाजच्या तोंडून परमेश्वराचा आशीर्वाद येतो, पंखांखाली आश्रयाला आल्याचा तो सुंदर उल्लेख येतो. आशीर्वाद तिच्या प्रश्नाच्या पाठोपाठ आला आहे. हे ताईंनी आजवर शंभरदा वाचलेलं, पण क्रम पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मीही त्याच आठवड्यात पाहिला. (पुढे बवाज तिला घास व्हिनेगरमध्ये बुडवून खायला सांगतो. ताई पहिल्यांदाच हसल्या. ओशन सिटीच्या बोर्डवॉकवर, समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यावर, बटाट्याचे तळलेले काप व्हिनेगर शिंपडूनच खातात.)

मग कामाचं बोललो. त्या मुलीला शोधून माफी मागायची असं ताईंनी स्वतःच ठरवलं. मी म्हटलं, मागा, पण एका वाक्यात. 'पण' हा शब्द आला तर माफी तिथेच संपते. आणि तिथे प्रार्थना नको.

मुलगी एका मिठाईच्या दुकानात काउंटरवर होती. ताईंनी टॉफी घेतली, पैसे दिले आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तुला न विचारता मी प्रार्थना केली. माझं चुकलं." मुलीनं सुटे मोजून हातावर ठेवले. मग म्हणाली, "देवाचं मला काही वाटलं नाही. मी तासांसाठी रडत होते."

तास म्हणजे कामाचे तास. व्हिसा, विमान, एजन्सीची फी यासाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं. जूनमध्ये पाऊस लागला, गिऱ्हाईक नाही, मालकानं आठवड्याचे तास निम्म्यावर आणले. खोलीचं भाडं मात्र आठवड्याच्या आठवड्याला. दुसरं काम धरावं तर विद्यार्थ्यांना या कार्यक्रमात आणणाऱ्या स्पॉन्सर संस्थेनं ते तपासून मान्य केल्याशिवाय सुरू करता येत नाही, आणि मालकाला कळलं तर परत पाठवतील या भीतीनं तिनं स्पॉन्सरला फोनच केला नव्हता. वास्तविक स्पॉन्सरनं विद्यार्थ्याशी महिन्यातून एकदा तरी संपर्क ठेवायचा असतो, आणि अडचण सांगितली म्हणून मालकानं धमकावू नये हे तिच्या हक्कांच्या पत्रकातच लिहिलेलं असतं. हे पत्रक व्हिसाच्या मुलाखतीच्या वेळी हातात देतात. बहुतेक पोरं ते बॅगेच्या तळाशी टाकतात.

त्या पत्रकामागचा मानवी तस्करीविरोधी २००८चा अमेरिकी कायदा विल्यम विल्बरफोर्सच्या नावानं आहे. विल्बरफोर्स म्हणजे गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी इंग्लंडच्या संसदेत वीस वर्षं झगडलेला माणूस. १८०७मध्ये तो कायदा झाला. प्रार्थनेचा माणूस, पण मसुदे लिहायला आणि मतं मोजायला कंटाळला नाही. १८१३च्या चार्टर ॲक्टमध्ये (ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या कायद्यात) मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येऊ द्यावं म्हणून भांडला तोही हाच, आणि त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक मुंबईला उतरले. म्हणजे ताईंच्या आजोबांच्या घरात शुभवर्तमान आलं त्या वाटेवर हा माणूस आहे, आणि तुर्की मुलीच्या बॅगेच्या तळाशीही. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.

हे चर्चचं काम आहे का, अशी शंका घेणाऱ्यांना एक आठवण देतो. २०११च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा इथे चॉकलेट भरण्याच्या गोदामात याच व्हिसावर आलेल्या शेकडो विद्यार्थ्यांनी काम थांबवून निदर्शनं केली होती. त्यांचं म्हणणं, पगारातून भाडं वगैरे कापून हातात काही उरत नाही. पुढच्या वर्षी सरकारनं नियम आवळले. म्हणून जेवायला येणाऱ्या मुलाला 'काम कसं चाललंय?' हे विचारणं मी सेवेच्या बाहेरचं मानत नाही.

ताईंच्या मंडळीनं मग काही गोष्टी बदलल्या. सगळ्या माझ्या सल्ल्यानं नाही. काही त्यांच्या स्वयंपाकघरातून निघाल्या. दारात पाटी लागली, की आम्ही चर्चची माणसं आहोत, जेवणाला अट नाही. लपवायचंही नाही आणि वसूलही करायचं नाही. डुकराचं मांस कशात आहे ते लिहिलेलं. प्रार्थना हवी असेल तर व्हरांड्यात दोन खुर्च्या. तिथे आपण बोलवायचं नाही, त्यांनी यायचं. नोकरीला लागणारा सरकारी क्रमांक काढायला जवळच्या सॅलिसबरी शहरातल्या सोशल सिक्युरिटी कार्यालयात न्यायला गाडी, पण गाडीत चर्चची दोन माणसं, एकट्या मुलीला एकट्या पुरुषानं न्यायचं नाही. सायकलींना पुढे-मागे दिवे. दिव्यांसाठी गर्दी झाली, व्हरांड्यासाठी नाही. काही बुधवारी खुर्च्या रिकाम्या. ताईंना ते जड गेलं, अजून जातं.

एक फजिती त्यांनीच सांगितली. रोमानियाच्या एका मुलाला त्या तीन आठवडे योहानाचं शुभवर्तमान देत होत्या. चौथ्या आठवड्यात 'तुझ्या घरी कोण कोण आहे?' असं विचारलं. आजोबा ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू निघाले. "मी त्याला देव सांगत होते, भाऊ, आणि त्याला अर्धी स्तोत्रसंहिता पाठ!" आता रविवारी तो मुलगा हॉलमध्ये खुर्च्या लावतो आणि ताईंचे उच्चार सुधारतो.

साक्ष कधी द्यायची, याचं उत्तर ताईंना मिळालं का? मला वाटतं, प्रश्नाची धार गेली. त्या आता कोणी विचारलं की सांगतात, मोकळेपणानं, आजोबांच्या मारासकट. सुकडीचंही सांगतात. परवा फोनवर म्हणाल्या, ते ऐकायला मुलं थांबतात, प्रवचनाला थांबत नव्हती.

तुर्की मुलीनं स्पॉन्सरला फोन केला, ताई शेजारी बसून. तिला संध्याकाळचं दुसरं काम मिळालं. बुधवारी ती पुन्हा आली की नाही? दोनदाच. सप्टेंबरात परत जायच्या आदल्या दिवशी उसनी घेतलेली सायकल आणि हेल्मेट द्यायला आली, घाईत होती. जाता जाता म्हणाली, आईला तुमच्याबद्दल सांगितलं, ती रोज नमाजानंतर तुमच्यासाठी दुआ मागते.

ताईंच्या चर्चला हंगामाचा अहवाल द्यावा लागतो. किती ताटं, किती सायकली, किती पवित्र शास्त्रं, किती जणांबरोबर प्रार्थना. त्या संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. "भाऊ, ही दुआ कुठल्या रकान्यात लिहू?"