तळ्याकाठची पायवाट: स्वयंसेवक बोलावण्यापूर्वी
तळ्याकाठी पायवाट काढायला स्वयंसेवकांना बोलावण्याआधी जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या आणि भर पावसात तो काठ स्वतः चालून पाहा, कारण पाणी कुठून उतरते व तळे कुठवर चढते हे कोरड्या दिवसांत कळत नाही. वाट पाण्याच्या अगदी कडेने नेण्याचा मोह मात्र टाळा. काठावरची झुडपेच माती धरून ठेवतात. वाट उताराला आडवी काढा, तिचा चढ त्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा आणि तिला तळ्याच्या बाजूला सुमारे ५ टक्के कल (एक मीटर रुंदीमागे ५ सेंटिमीटर उतार) द्या, म्हणजे पाणी वाटेवरून लांबवर न वाहता आडवे निघून जाते. पाच-सहा जणांमागे एक जाणता माणूस नेमा. कुदळ चालवणाऱ्या दोघांत किमान ३ मीटर अंतर हवे, याबाबत मी कधीच सूट देत नाही.