गॅमा डोस उणे येतोय? आधी के-यू बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी: न्यूट्रॉन आणि गॅमा डोस वेगळे काढायला १४ एमईव्हीच्या (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) न्यूट्रॉन जनरेटरसमोर, हवेत, एकाच जागी आधी टिश्यू-इक्विव्हॅलेंट (टीई, म्हणजे शरीराच्या ऊतीसारख्या द्रव्याचं) आयनीकरण चेंबर लावलं, मग मॅग्नेशियम-आर्गॉन (मॅग्नेशियमची भिंत, आत आर्गॉन गॅस). समीकरणं सोडवल्यावर न्यूट्रॉन डोस ठीक आला, गॅमा डोस मात्र उणे. चेंबर बिघडलंय का?

बहुतेक नसावं. दोन्ही चेंबर कोबाल्ट-६० च्या गॅमावर कॅलिब्रेट केलेली असतील तर गॅमासाठी दोघांची संवेदनशीलता १ धरायला हरकत नाही. न्यूट्रॉनसाठी ती निराळी: टीईची के-टी, मॅग्नेशियमची के-यू. प्रत्येक रीडिंग म्हणजे ही संवेदनशीलता गुणिले न्यूट्रॉन डोस, अधिक गॅमा डोस. टीईची भिंत ए-१५० प्लास्टिकची, तिच्यात स्नायूइतकाच, म्हणजे सुमारे १० टक्के हायड्रोजन. न्यूट्रॉन तिथले प्रोटॉन उडवतात आणि त्यांचा करंट मिळतो. मॅग्नेशियम-आर्गॉनमध्ये हायड्रोजन नाही, म्हणून त्याला न्यूट्रॉन फारसे दिसत नाहीत. पण अगदीच दिसत नाहीत असंही नाही. १४ एमईव्हीला मॅग्नेशियमच्या केंद्रकातून प्रोटॉन आणि अल्फा बाहेर पडू लागतात, त्यामुळे के-यू ०.१५ च्या आसपास असतो.

आता कागदावर करून बघा. टीईचं रीडिंग १.००, मॅग्नेशियमचं ०.२०, के-टी ०.९५, के-यू ०.१५ (गणिताला सोयीचे आकडे घेतलेत). रीडिंगची वजाबाकी ०.८०, तिला के-टी आणि के-यूच्या फरकाने, म्हणजे ०.८० ने भागा: न्यूट्रॉन डोस १.००. गॅमा म्हणजे ०.२० वजा ०.१५, म्हणजे ०.०५. आता बाकी काही न बदलता के-यू तेवढा ०.२० करा. न्यूट्रॉन १.०६७ होतो आणि गॅमा उणे ०.०१३! ड्रायव्हरसकट आणि ड्रायव्हरशिवाय ट्रक तोलून ड्रायव्हरचं वजन काढावं, तसला हा प्रकार.

पण बेरीज बघा: पहिल्यांदा १.०५, दुसऱ्यांदा १.०५३. एकूण डोस जवळपास हललाच नाही. मिश्र (न्यूट्रॉन-गॅमा) क्षेत्रात एकूण डोसवर भरवसा ठेवता येतो. वाटणी मात्र के-यूच्या हातात असते. तुम्ही के-यू कुठून उचललात ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या बनावटीच्या चेंबरसाठी किंवा न्यूट्रॉनच्या दुसऱ्या ऊर्जा-वर्णपटासाठी छापलेला आकडा असेल तर दोष बहुधा तिथेच आहे. आयसीआरयू या किरणोत्सर्ग-मोजमापाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा १९७७ चा २६ क्रमांकाचा अहवाल या पद्धतीसाठी अजूनही वाचण्यासारखा आहे, पण त्यातला आकडा जसाच्या तसा आपल्या चेंबरला चिकटवू नये.

दुसरा संशय माझा मॉनिटरवर, म्हणजे जनरेटरच्या उत्पादनावर नजर ठेवणाऱ्या चेंबरवर. दोन रीडिंगच्या मधल्या वेळात जनरेटरच्या ट्रिशियम टार्गेटचं न्यूट्रॉन उत्पादन घसरतं. तिसरं चेंबर एका जागी कायम ठेवून दोन्ही रीडिंग त्याच्या प्रमाणात घेतली नसतील, तर ही घसरण थेट गॅमात शिरते. दोन्ही चेंबर शेजारी-शेजारी लावून वेळ वाचवायचा मोह होतो. तसं केलं तर एकाचं स्कॅटरिंग दुसऱ्यात जातं.

गॅसचंही बघा. टीई गॅस (मिथेन ६४, कार्बन डायऑक्साइड ३२, नायट्रोजन ३ टक्क्यांच्या आसपास) आणि आर्गॉन, दोन्ही वाहते ठेवतात. नळी जोडल्या जोडल्या घेतलेलं रीडिंग फेकून द्या, आत हवा उरलेली असते. कोबाल्टसमोर करंट स्थिर होईपर्यंत गॅस वाहू द्यायचा, मगच पुढे. तापमान-दाबाची दुरुस्ती दोन्ही चेंबरना वेगवेगळी करा. जनरेटर बंद ठेवून गळतीचा करंटही नोंदवा, मॅग्नेशियमच्या छोट्या रीडिंगमध्ये तो जाणवतो.

हे सगळं करूनही गॅमा शून्याच्या खाली-वरच राहिला, तर लिथियम-६ च्या टोपीतलं जीएम (गायगर-म्युलर) काउंटर लावा. न्यूट्रॉनसाठी त्याची संवेदनशीलता मॅग्नेशियमपेक्षा खूपच कमी असते. पण जनरेटर पल्स मोडमध्ये असेल तर डेड टाइममुळे (एक कण मोजल्यावर काउंटर क्षणभर पुढचा मोजत नाही) जीएम कमी मोजेल, तेव्हा जनरेटर सतत मोडवर चालवा.

पाण्याच्या फॅन्टममध्ये (शरीराच्या जागी ठेवलेल्या पाण्याच्या टाकीत) चित्र बदलेल. हायड्रोजन मंद न्यूट्रॉन पकडून २.२ एमईव्हीचा गॅमा सोडतो, त्यामुळे खोलीबरोबर गॅमाचा वाटा वाढतो आणि उणे आकडा बहुधा दिसणारच नाही. म्हणून हवेतली चूक सुटली असं समजू नका. के-यू चुकीचा असेल तर तो तिथेही चुकीचाच असेल, फक्त लपलेला. के-यूचा स्रोत आणि मॉनिटरची रीडिंग इथे टाका, मग बघू.